हृदयाची गोळी आणि कॅल्शियमचं पाकीट

पऱ्हे काढायचे, चिखलात वाकून रोवायचे आणि कंबर सरळ करायला क्षणभर उभं राहायचं. धानाची रोवणी पंधरा-वीस दिवस चालली की तरण्या माणसाचीही कंबर धरते. भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यातलं आसगाव हे चौरास पट्ट्यातलं, धानावर जगणारं गाव. अशा गावात रात्री पोटऱ्यांत गोळे आले की सकाळी घरातलं कुणीतरी मेडिकलमध्ये जाऊन म्हणतं, "कॅल्शियमच्या गोळ्या द्या." दुकानदार देतो. चिठ्ठी कुणी मागत नाही, आणि बहुतेकांचं त्यात काही बिघडतही नाही.

बिघडू शकतं ते ठरावीक माणसाचं. ज्याच्या हृदयात धातूची झडप बसवली आहे किंवा ज्याच्या हृदयाचे ठोके अनियमित पडतात, आणि म्हणून जो रोज 'रक्त पातळ करायची गोळी' घेतो, त्याचं. झडप बसवायची वेळ अनेकदा अशी येते: लहानपणी घसा सुजतो, ताप येतो, आज हा सांधा तर उद्या तो सांधा दुखतो. घरचे म्हणतात, वाढीचं दुखणं. हा संधिवाताचा ताप हृदयाच्या झडपा नासवून जातो आणि विशी-तिशीत पाण्याचा हंडा उचलताना दम लागू लागला की त्याचा पत्ता लागतो. मग नागपूरला शस्त्रक्रिया होते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसारख्या सरकारी योजनेतून खर्च भागतो आणि माणूस पुन्हा बांधीत उभा राहतो. गोळी मात्र आयुष्यभराची लागते.

ही गोळी चालू असताना कॅल्शियम, लोह, मॅग्नेशियम, झिंक घ्यावं की नाही? सरळ सांगायचं तर खनिजं स्वतः या गोळीच्या वाटेत फारशी येत नाहीत. घोळ होतो तो त्यांच्या आजूबाजूला. त्याच गोळीत आणखी काय मिसळलं आहे, आणि मुळात खनिज घ्यायची वेळ का आली, हे कुणी पाहत नाही. पण त्याआधी हातातली गोळी कोणती, हे ठरवावं लागतं.

'रक्त पातळ करायची गोळी' या एका नावाखाली लोक तीन निरनिराळ्या गटांतली औषधं घेतात. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला किंवा स्टेंट टाकलेला माणूस बहुधा अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल घेतो. त्यांनी रक्तातल्या बिंबिका एकमेकींना चिकटत नाहीत. त्यासाठी आयएनआर नावाची तपासणी लागत नाही, आणि भाजीपाल्याचा त्यांच्याशी संबंध नाही. दुसरा गट वॉरफेरिन आणि असेनोकुमॅरॉलचा. आपल्याकडे 'वॉर्फ', 'एसिट्रोम' अशा नावांनी ती मिळतात. हा लेख मुख्यतः या गटाबद्दल आहे, कारण या गोळ्यांचं सगळं काम के जीवनसत्त्वाला अडवण्यावर चालतं. तिसरा गट नव्या औषधांचा: डाबीगॅट्रान, रिव्हरॉक्साबॅन, अपिक्साबॅन. यांना आयएनआरची कटकट नाही, पालेभाजीची नाही. मग सगळ्यांना तीच का देत नाहीत, असं कुणीही विचारेल.

कारण धातूच्या झडपेवर ती चालत नाहीत. अशा झडपेच्या रुग्णांना डाबीगॅट्रान देऊन पाहणारा अभ्यास मध्येच थांबवावा लागला. गुठळ्याही जास्त झाल्या आणि रक्तस्रावही. त्याचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. संधिवाताच्या तापाने झडप बिघडलेल्या आणि ठोके अनियमित झालेल्या साडेचार हजारांवर रुग्णांचा मोठा अभ्यास २०२२ मध्ये आला. दिल्लीच्या एम्सचे डॉ. गणेशन कार्तिकेयन त्याच्या प्रमुख संशोधकांपैकी होते. त्यातही नव्या गोळीवरच्यांपेक्षा जुन्या गोळीवरच्या रुग्णांमध्ये मृत्यू कमी निघाले. म्हणून शेजाऱ्याला मिळाली तशी 'नवी, बिनतपासणीची गोळी' दुकानातून बदलून घेणं हा जिवावरचा खेळ आहे.

या जुन्या गोळीचा जन्म गोठ्यात झाला. १९२० च्या दशकात कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तर भागात गुरं विनाकारण रक्तस्राव होऊन मरू लागली. शिंग कापलं तरी रक्त थांबेना. कारण निघालं बुरशी लागलेल्या गोड क्लोव्हरच्या वाळल्या चाऱ्यात. फेब्रुवारी १९३३ मध्ये विस्कॉन्सिनमधला एड कार्लसन नावाचा शेतकरी बर्फाच्या वादळात मेलेली कालवड, दुधाच्या कॅनमध्ये न गोठलेलं रक्त आणि तो सडका चारा घेऊन विद्यापीठात कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेत पोचला. लिंक यांच्या चमूने १९३९ मध्ये त्यातलं द्रव्य वेगळं केलं. त्याचाच एक भाऊबंद १९४८ मध्ये उंदीर मारायचं औषध म्हणून बाजारात आला आणि त्याचं नाव वॉरफेरिन. १९५१ मध्ये अमेरिकी सैन्यातल्या एका जवानाने जीव द्यायला ते विष खाल्लं. के जीवनसत्त्व आणि रक्त देऊन डॉक्टरांनी त्याला वाचवलं. उतारा हाताशी असेल तर हे माणसाला देता येईल, हे त्यातून उमगलं. १९५४ पासून ते माणसांचं औषध झालं आणि १९५५ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आल्यावर त्यांनाही दिलं गेलं.

धान पिकवणाऱ्याला ही गोष्ट परकी वाटायचं कारण नाही. बांधावरच्या उंदरांच्या बिळात जी ब्रोमॅडिओलोनची वडी ठेवतात, ती याच कुळातली, फक्त कितीतरी तीव्र आणि शरीरात महिनोन्‌महिने टिकणारी. घरात वॉरफेरिन किंवा असेनोकुमॅरॉल घेणारं कुणी असेल, तर आमिष तयार करायचं आणि ठेवायचं काम त्याच्या हाती देऊ नये.

उतारा के जीवनसत्त्वाचा आहे, हे इथे ध्यानात ठेवायचं. रक्त गोठवणारे काही घटक यकृतात तयार होतात आणि त्यांना पूर्ण होण्यासाठी के जीवनसत्त्व लागतं. गोळी त्याला अडवते, म्हणून रक्त उशिरा गोठतं. किती उशिरा, ते आयएनआर सांगतो. गोळी न घेणाऱ्याचा आयएनआर १ च्या आसपास असतो. डाव्या बाजूच्या दोन झडपांपैकी महाधमनीच्या तोंडावरची धातूची झडप असेल तर तो सहसा २ ते ३ ठेवतात. मायट्रल झडप असेल तर २.५ ते ३.५. आपला आकडा कोणता, हे ज्याच्या-त्याच्या डॉक्टरांनी फायलीत लिहिलेलं असतं. तो रुग्णाला पाठ हवा.

आता पाकिटाकडे वळू. काही वर्षांपूर्वी कॅल्शियमची गोळी म्हणजे कॅल्शियम आणि डी-३ एवढंच असायचं. अलीकडे 'हाडांसाठी अधिक उपयुक्त' म्हणून त्यात के जीवनसत्त्वाचा के२-७ हा प्रकार घातलेल्या गोळ्या मोठ्या संख्येने आल्या आहेत. पाकिटाच्या पुढच्या बाजूला ठळक अक्षरात कॅल्शियम लिहिलेलं असतं. मागच्या बाजूला, मुंगीएवढ्या टाइपात, मेनाक्विनोन-७, एमके-७ किंवा व्हिटॅमिन के२-७. बऱ्याच पाकिटांवर ४५ किंवा ५० मायक्रोग्रॅमचा आकडा दिसतो, काहींवर त्याहून मोठा.

हे प्रमाण किरकोळ नाही. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी असेनोकुमॅरॉल घेणाऱ्या निरोगी स्वयंसेवकांवर के२-७ ची चाचणी घेतली. पालेभाजीतल्या के-१ पेक्षा हा प्रकार रक्तात कितीतरी जास्त काळ रेंगाळतो आणि गोळीचा परिणाम जास्त जोराने पुसतो, असं त्यांना दिसलं. रोज ५० मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त के२-७ औषधाच्या आड येऊ शकतं, असा इशारा त्यांनी २००७ मध्ये दिला. पुढे २०१३ मध्ये आणखी कमी मात्रा तपासल्या, तर १० ते २० मायक्रोग्रॅमनेही काहींचा आयएनआर घसरला. म्हणजे आसगावच्या दुकानातून कंबरेसाठी घेतलेली गोळी नागपूरच्या डॉक्टरांनी महिनोन्‌महिने जुळवलेला हिशेब बिघडवू शकते. त्याची काही खूणही दिसत नाही. आयएनआर खाली आला तर दुखत नाही, खुपत नाही. झडपेवर गुठळी धरते, किंवा ती सुटून मेंदूत जाते आणि अर्धांगवायू होतो, तेव्हाच कळतं.

याची उलटी बाजू तितकीच वाईट, आणि ती फारशी कुणी सांगत नाही. समजा, रुग्णाने महिनाभर असं कॅल्शियम घेतलं. तपासणीला गेला, आयएनआर १.६ निघाला. डॉक्टरांनी विचारलं, "गोळी चुकली का?" तो म्हणाला, "नाही साहेब." कॅल्शियमचा विषय निघालाच नाही, कारण त्याच्या लेखी ते औषधच नव्हतं. डॉक्टरांनी मात्रा वाढवली. दोन महिन्यांनी कंबर बरी झाली, पट्टी संपली, पुन्हा आणली नाही. आता के गेलं आणि वाढवलेली मात्रा मात्र तशीच राहिली. आयएनआर पाच-सहावर चढतो आणि हिरड्यांतून, लघवीतून, पोटातून रक्त येऊ लागतं. यात ना डॉक्टर चुकले, ना गोळी.

म्हणून दुकानात सांगायचं ते असं: "मी वॉरफेरिनवर आहे, ज्यात के नाही असं कॅल्शियम द्या." साधं कॅल्शियम आणि डी-३ जन औषधी केंद्रातही मिळतं, आणि स्वस्त असतं. जो आधीपासूनच के असलेली गोळी घेतो आहे, त्याने घाबरून ती एकाएकी फेकू नये. डॉक्टरांना सांगावं आणि बदलानंतर आठवड्याभरात आयएनआर करावा. मल्टिव्हिटॅमिनचं तेच. काहींत के असतं, काहींत नसतं, आणि नावावरून ओळखता येत नाही.

इस्रायलमधल्या डॉक्टरांनी २००३ मध्ये वॉरफेरिनवरच्या काही रुग्णांबद्दल लिहिलं. त्यांचा आयएनआर मल्टिव्हिटॅमिनमधल्या जेमतेम २५ मायक्रोग्रॅम के ने ढासळला होता. इतकं कमी के पुरेसं ठरलं, कारण त्यांच्या शरीरात त्याचा साठाच नव्हता. रिकाम्या भांड्यात वाटीभर पाणीही लगेच दिसतं. विदर्भातल्या रुग्णाने इथे थांबून विचार करावा. शस्त्रक्रियेनंतर 'हिरवी भाजी बंद' असा हुकूम घरोघरी पाळला जातो. भात, वरण, बटाटा, वांगं. वर्षभर असं खाल्लं की के चा साठा आटतो, आणि मग एखाद्या लग्नातली पालकाची भाजी किंवा एक गोळीही आकडा हलवते. आज बहुतेक तज्ज्ञ भाजी बंद करायला सांगत नाहीत. ठरावीक प्रमाणात, नेमाने खायला सांगतात.

चौरासात हे पाळणं ऋतूमुळे अवघड होतं. पावसाळ्यात तरोटा, पातूर, चवळई, कोचईची पानं ताटात रोज दिसतात. हिवाळ्यात मेथी, पालक, हरभऱ्याचा कोवळा पाला. उन्हाळ्यात सगळं आटतं. आयएनआर श्रावणात एक आणि वैशाखात दुसरा येत असेल, तर गोळीच्या कंपनीला दोष देण्याआधी ताटाकडे पाहावं. वर्षभर आठवड्यातून तीन दिवस वाटीभर पालेभाजी असा नेम ठेवला, तर डॉक्टर त्यानुसार मात्रा बसवतात. श्रावण लागला म्हणून तो नेम दुप्पट करायचा नाही.

लोहाची गोष्ट वेगळी आहे, आणि या लेखातली सर्वांत महत्त्वाची तीच. प्रयोगशाळेत लोह, मॅग्नेशियम, झिंक ही खनिजं वॉरफेरिनला चिकटू शकतात, असं काही ठिकाणी लिहिलेलं सापडतं. माणसांत त्याने मोठा फरक पडतो, याला बळकट पुरावा नाही. सकाळी खनिज आणि संध्याकाळी गोळी, एवढं अंतर ठेवलं की ही शंकाही मिटते. लोहाचा खरा प्रश्न असा: रक्त पातळ करायची गोळी घेणाऱ्या माणसाचं हिमोग्लोबिन कमी का झालं?

भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यात 'रक्त कमी आहे' हे इतकं नेहमीचं वाक्य आहे की त्यापुढे कुणी विचारत नाही. लाल गोळ्या दिल्या जातात आणि विषय संपतो. पण वॉरफेरिन, अ‍ॅस्पिरिन किंवा रिव्हरॉक्साबॅन घेणाऱ्याचं हिमोग्लोबिन ११ वरून ८ वर आलं, तर पहिली शंका रक्त कुठेतरी गळतं आहे, हीच असायला हवी. जठरातला व्रण, मूळव्याध, आतड्यातली गाठ, आणि बायकांच्या बाबतीत पाळी. गोळी सुरू झाल्यावर पाळीत आठ-आठ दिवस जास्त रक्त जातं, आणि हे डॉक्टरांपुढे, त्यातही नवरा किंवा दीर सोबत असताना, बोललं जात नाही. रुग्णासोबत घरातली एखादी बाई गेली तर हा प्रश्न सुटायला मदत होते. कारण न शोधता लोह देणं म्हणजे गळकी टाकी भरत राहणं.

त्यात लोहाची गोळी स्वतःच एक पडदा टाकते. ती सुरू झाली की शौच काळसर, हिरवट-काळं होतं, आणि ते निरुपद्रवी आहे. पण पोटात वरच्या भागात रक्तस्राव झाला तरी शौच काळंच होतं. दोघांतला फरक ओळखता आला पाहिजे. लोहाने काळं झालेलं शौच बांधलेलं असतं. रक्ताने काळं झालेलं डांबरासारखं चकचकीत, चिकट, आणि त्याला उग्र, नेहमीपेक्षा वेगळी दुर्गंधी. सोबत चक्कर, धाप किंवा घाम असेल तर वाट पाहायची नाही. लोह सुरू केलेल्या प्रत्येक रुग्णाचं हिमोग्लोबिन महिन्याने पुन्हा तपासावं. गळती नसेल आणि गोळ्या नीट घेतल्या असतील, तर ते १ ते २ ग्रॅमने वाढायला हवं. जागचं हललं नाही तर गळती शोधावी.

लोहाने बद्धकोष्ठ होतं, जोर लावला की मूळव्याध फुटते, आणि ही गोळी चालू असताना ते रक्त लवकर थांबत नाही. पाणी भरपूर, गरज पडल्यास मात्रा एक दिवसाआड, हे डॉक्टरांशी बोलून ठरवावं. लोहाची गोळी चहासोबत घेऊ नये. चहातलं टॅनिन लोह शोषू देत नाही. कॅल्शियमसोबतही घेऊ नये.

पूर्व विदर्भात आणखी एक गोष्ट पाहावी लागते: सिकलसेल. या आजारात हिमोग्लोबिन कमी असतं, पण त्याचं कारण लोहाची कमतरता असेलच असं नाही. वारंवार रक्त चढवलेल्या रुग्णात तर लोह साचलेलं असू शकतं. घरात कुणाला सिकलसेल असेल, तर लोहाचा साठा सांगणारी फेरिटिन तपासणी करूनच गोळी घ्यावी.

कॅल्शियमबद्दल थोडं. रक्त गोठायला कॅल्शियम लागतंच. आयएनआरसाठी निळ्या झाकणाच्या नळीत रक्त घेतात, तिच्यातलं सोडियम सायट्रेट रक्तातलं कॅल्शियम बांधून ठेवतं आणि रक्त नळीत गोठत नाही. (ही नळी खुणेपर्यंत भरलेली नसेल तर आकडा चुकीचा, बहुधा जास्त येतो. नमुना घेताना रुग्णाने स्वतः नजर टाकायला हरकत नाही.) पण म्हणून कॅल्शियमची गोळी खाल्ल्याने रक्त घट्ट होतं, असं नाही. शरीर रक्तातलं कॅल्शियम काटेकोर पातळीत ठेवतं.

कॅल्शियमच्या गोळ्या आणि हृदय यांचा वाद वेगळ्या कारणाने रंगला. ऑकलंडच्या संशोधकांनी २०१० मध्ये जुन्या चाचण्या एकत्र करून असं मांडलं की, डी जीवनसत्त्वाविना कॅल्शियमच्या गोळ्या घेणाऱ्यांत हृदयविकाराच्या झटक्याचं प्रमाण सुमारे ३० टक्के जास्त दिसतं. नंतरच्या आढावा-समित्यांनी ठरावीक मर्यादेत गोळ्या सुरक्षित असल्याचं सांगितलं. वाद पूर्ण मिटलेला नाही. या परिस्थितीत हृदयरुग्णाने ताटातून मिळेल तेवढं कॅल्शियम ताटातूनच घेणं शहाणपणाचं. दूध, ताक, तीळ आणि बोडीतल्या, वैनगंगेतल्या काट्यासकट खाल्ल्या जाणाऱ्या लहान मासळ्या. आयसीएमआर प्रौढांना दिवसाला १००० मिलिग्रॅम सुचवते. गोळी लागलीच तर एका वेळी ५०० मिलिग्रॅमच्या आत, आणि कार्बोनेट प्रकारची असेल तर जेवणासोबत.

थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी मात्र एक साखळी ध्यानात ठेवावी. कॅल्शियम आणि लोह दोन्ही थायरॉइडच्या गोळीला आतड्यातच अडवतात. थायरॉइड मंदावलं की रक्त गोठवणारे घटक शरीरात जास्त काळ टिकतात आणि आयएनआर खाली येतो. सकाळी उपाशीपोटी थायरॉइडची गोळी आणि त्यानंतर किमान चार तासांनी खनिज, एवढ्याने हे टळतं.

मॅग्नेशियम आणि झिंकवर फार शाई खर्च करायला नको. जास्त मॅग्नेशियमने जुलाब होतात. जुलाब आणि उपासमार लांबली की आयएनआर चढतो. झिंक कोविडच्या साथीपासून अनेकांच्या घरात पडून आहे आणि सवयीने खाल्लं जातं. ते महिनोन्‌महिने घेतलं तर तांब्याची कमतरता होऊ शकते आणि तीही रक्त कमी करते. कारण नसताना घेऊ नये.

पोटॅशियम मात्र धोक्याचं आहे, जरी त्याचा रक्त पातळ करण्याशी संबंध नसला तरी. हृदयरुग्ण बहुधा आणखी चार गोळ्या घेतो. स्पायरोनोलॅक्टोन, रामिप्रिल, टेल्मिसार्टन ही औषधं शरीरात पोटॅशियम साठवतात. त्यावर पोटॅशियमचं सिरप किंवा बाजारातलं 'लो सोडियम' मीठ सुरू केलं, तर पातळी इतकी चढू शकते की हृदय थांबावं. या मिठात सोडियमची जागा पोटॅशियमने घेतलेली असते. ब्लडप्रेशरसाठी चांगलं म्हणून मुलगा शहरातून प्रेमाने आणतो. मूत्रपिंड कमजोर असेल तर ते आणूच नये. उलट डिगॉक्सिन घेणाऱ्याचं पोटॅशियम कमी झालं तरी ठोके बिघडतात. म्हणजे हे खनिज आपल्या मनाने घ्यायचंही नाही आणि सोडायचंही नाही.

खनिजांची पुरवणी फक्त मेडिकलमध्ये मिळते असंही नाही. लोहभस्म, मंडूर, प्रवाळपिष्टी, शंखभस्म ही सगळी खनिजंच. लोहासवात लोहासोबत त्रिकटू, त्रिफळा आणि आंबवताना तयार झालेलं अल्कोहोल असतं. 'जडीबुटीचं आहे, अपाय नाही' हे वाक्य हृदयाच्या बाबतीत तरी टिकत नाही. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये सर्पगंधेने रक्तदाब उतरतो, हे ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये दाखवलं, आणि जगाने ती मुळी औषध म्हणून घेतली. जे उपाय करू शकतं ते अपायही करू शकतं, म्हणून वैद्यांकडे गेल्यावरही वॉरफेरिनचं नाव आधी सांगावं. कंपनीचं लेबल, बॅच नंबर नसलेली पुडी घेऊ नये. भेसळीच्या भस्मात शिसं सापडल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत.

खरं तर रोवणीनंतरच्या कंबरदुखीत सर्वांत जास्त अपाय करते ती कॅल्शियमसोबत मिळणारी दुसरी गोळी. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, असेक्लोफेनॅक ही वेदनाशामकं जठराला जखम करतात आणि बिंबिकांनाही कमजोर करतात. वॉरफेरिनवर ती म्हणजे दुहेरी संकट. 'एक सुई मारून द्या' हा आग्रहही सोडावा. कुल्ल्यात खोल दिलेल्या इंजेक्शनने स्नायूत रक्त साचून मांडीएवढी सूज आलेले रुग्ण डॉक्टरांना पाहावे लागतात. दुखलं तर पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांना विचारून आणि थोडे दिवस, कारण जास्त मात्रेत आठवडाभर घेतलं तर तेही आयएनआर चढवतं. मेट्रोनिडाझोल, सिप्रोफ्लॉक्सासिन, फ्लुकोनाझोल ही साधी वाटणारी औषधं तो जोराने चढवतात. क्षयरोगाची रिफाम्पिसिन तितक्याच जोराने उतरवते.

नवं औषध, पुरवणी किंवा भस्म सुरू केलं, अथवा जुनं बंद केलं, की पाच ते सात दिवसांनी आयएनआर करावा आणि पुढच्या पंधरवड्यात पुन्हा एकदा. शक्यतो एकाच प्रयोगशाळेत. तपासणी पवनीत होते की भंडाऱ्याला जावं लागतं, नमुना कोणत्या दिवशी घेतात, हे आधी फोनवर विचारलं तर मजुरी बुडत नाही. डॉक्टरांकडे जाताना फाइल पुरत नाही. घरातल्या सगळ्या पट्ट्या, बाटल्या, पुड्या एका पिशवीत घालून न्याव्यात, रिकाम्या झालेल्यासुद्धा. गोळी रोज एकाच वेळी, संध्याकाळी घ्यावी आणि कॅलेंडरवर खूण करावी. चुकली तर त्याच दिवशी आठवेल तेव्हा घ्यावी. दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नयेत.

धातूच्या झडपेचा रुग्ण रात्रीच्या शांततेत स्वतःची टिकटिक ऐकतो. घरच्यांनाही ती ऐकू येते. तो आवाज मंद झाला किंवा बंद पडला आणि धाप लागली, तर झडपेवर गुठळी बसलेली असू शकते. तोंड वाकडं होणं, हात उचलता न येणं, बोबडं बोलणं, डोक्याला मार लागल्यावर वाढत जाणारी डोकेदुखी, दहा मिनिटं नाक दाबूनही न थांबणारं रक्त, लाल लघवी, डांबरी शौच: यांपैकी काहीही झालं तर १०८ ला फोन करावा, आणि गाडी आली की पहिलं वाक्य गोळीचं नाव असावं.

धातूची झडप असलेल्या तरुण बाईची गोष्ट स्वतंत्र आहे. दिवस राहिले की आशाताई लोह-फॉलिक अ‍ॅसिडच्या लाल गोळ्या आणि कॅल्शियम देतात. लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं, कॅल्शियम ५०० मिलिग्रॅमचं, दिवसातून दोनदा, चौथ्या महिन्यापासून. वॉरफेरिनशी त्यांचं भांडण नाही. दोन्ही वेगवेगळ्या वेळी घ्यायच्या, एवढंच. पण वॉरफेरिन स्वतः गर्भाला, विशेषतः सहाव्या ते बाराव्या आठवड्यात, व्यंग आणू शकतं. आणि ते घाबरून बंद केलं तर आईच्या झडपेवर गुठळी होऊ शकते. मूल हवं असं ठरवण्याआधीच हृदयरोगतज्ज्ञाला भेटावं. पाळी चुकली असेल तर आठवड्याचीही वाट न पाहता नागपूर गाठावं. मात्रा कमी करायची, की काही आठवडे हेपॅरिनच्या इंजेक्शनांवर जायचं, हे तिथे ठरतं. तोवर गोळी चालूच ठेवायची, आणि आशाताईंच्या नोंदवहीत झडपेचा उल्लेख लाल शाईने करून घ्यायचा.